पिराजीचा पहारा

पिराजी मोटरसायकल घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा बाळासोंचा चहासुद्धा झाला नव्हता. सगळी पेठ संघाचे शर्ट घालून स्टेडियमकडं निघालेली, आणि हे दोघं मेव्हणे-दाजी निघाले होते बिद्रीला, मटण खायला. फुटबॉलच्या सीझनची शेवटची मॅच होती. जिंकली तर कोल्हापूरचा संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये राहणार, हरली तर आल्या पावली परत खाली.

बाळासोंचा जीव तीळतीळ तुटत होता. तरुणपणी ते पेठेच्या तालमीच्या संघातून फुलबॅक खेळलेले. आपल्या गावाचा संघ देशाच्या लीगमध्ये जिंकताना एकदा डोळ्यांनी बघावा, मग खुशाल वर जावं, एवढीच त्यांची इच्छा. संघ वर आला आणि नेमका ह्यांच्या नशिबी पहारा आला.

त्याचं असं झालं. यंदा लीगवाल्यांनी नवीनच टूम काढली. प्रत्येक संघाशी एकदाच खेळायचं, परतीची मॅच नाही. पूर्वी हरलं तर 'पुढच्या खेपेला दावतो' म्हणायची तरी सोय होती. आता गेली ती गेली, आणि शेवटी तळाला राहील तो थेट खाली. अशात पहिल्या दोन्ही मॅच आपण घरच्या मैदानावर हरलो. दोन्ही वेळा बाळासो आणि पिराजी गॅलरीत मांडीला मांडी लावून बसले होते.

हरल्यावर बाकीच्या गावांत कोच बदलतात. आमच्याकडं आधी पनवती शोधतात. तालमीचा सेक्रेटरी गुंडू म्हणजे गोडबोल्या माणूस. त्यानं बाळासोंना बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात टाकला.

"पनवती पिराजी हाय. पर तोंडावर सांगायचं कसं? तुमच्या शब्दाबाहेर न्हाय त्यो. मॅच असली की तुम्हीच त्याला कुठंतरी लांब घेऊन जावा. पेठेवर लई उपकार हुतील."

म्हणजे मॅच आपल्यालाही बघता येणार नाही, हे बाळासोंच्या लगेच ध्यानात आलं. पण पेठेवर उपकार म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार? शिवाय मेव्हणा पनवती आहे हे त्यांना लग्नापासूनच माहीत होतं. त्यांच्या वरातीत घोडं उधळलं, तेव्हा लगाम पिराजीच्याच हातात होता.

पुढच्या मॅचला त्यांनी पिराजीला कागल एमआयडीसीत जुनं मशीन दाखवायला नेलं. मशीन कसलं, कशासाठी, पिराजीनं एका शब्दानं विचारलं नाही. इकडं संघ जिंकला. त्यानंतर शिरोलीच्या एका फौंड्रीत ओळखीच्या माणसाकडं जाऊन बसले. परत जिंकला. मॅच बाहेरगावी असली, तरी टीव्हीपासून लांब म्हणून दोघं कुठंतरी उसाच्या बांधावर गप्पा हाणत बसायचे. पिराजीही मोठा गुणाचा. बाळासोंचा हात स्कोअर बघायला खिशाकडं गेला की तोच मनगट धरायचा.

"नको दाजी. आपण बघितलं की गोल खातोय."

स्वतःला पनवती समजून इतकं निमूट वागणारा माणूस बाळासोंनी दुसरा बघितला नव्हता. कधीकधी त्यांना त्याची कीवच यायची.

मध्ये एकदा पिराजी तापानं आडवा झाला. बाळासोंनी त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं, टीव्ही लावायचा नाही म्हणून बजावलं आणि पोरासारखं पळत स्टेडियम गाठलं. घसा बसेपर्यंत ओरडले. संघ सपाटून हरला. बाळासो तिथून तडक पिराजीच्या घरी गेले. टीव्ही चालूच होता.

"बघितलीस न्हवं?"

"बघितली, दाजी. चुकलं माझं," म्हणून पिराजीनं तोंड घोंगड्यात खुपसलं. घोंगड्याखाली त्याचे खांदे गदगदा हलत होते. एवढं रडताना बघून बाळासोंचा राग पाक विरघळला. त्यांनी त्याला शपथ घातली की परत असं करायचं नाही. त्यानंतर पिराजी मॅचच्या दिवशी कधी आजारी पडला नाही.

तर आज बिद्री. बाळासोंची थोरली बहीण आक्का तिथं राहते. ताटं वाढता वाढता तिनं टीव्हीकडं हात नेला, तर पिराजीनंच उठून वायर काढली. गावात एवढी मॅच सोडून तुम्ही दोघं हितं काय करतायसा, असं आक्कानं विचारलं. बाळासोंनी पिराजीकडं बोट करून तिला डोळा मारला. पांढरा रस्सा काही त्यांच्या घशाखाली उतरेना. पिराजी मात्र तिसरी भाकरी मोडत होता.

तेवढ्यात रस्त्यावर फटाके वाजले. आक्काच्या शेजाऱ्यानं दारातूनच सांगितलं, जिंकलो, लीगमध्ये राहिलो. बाळासो ताटावरच ढसाढसा रडले. मग उठून त्यांनी मेव्हण्याला मिठी मारली. आजपर्यंत ह्याला पनवती म्हणून हिणवलं, पण ह्याच्याएवढा त्याग कुणी केला नाही. हे आज चारचौघांत सांगायचंच, असं त्यांनी परतीच्या वाटेवर ठरवून टाकलं.

पेठेत पाऊल ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती, गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती. बाळासोंनी पिराजीचा हात धरून गर्दीतून वाट काढली आणि त्याला थेट गुंडूसमोर उभा केला. हलगीच्या वर आवाज चढवून म्हणाले, "गुंडू, पहिला हार ह्याला घाल. सीझनभर झिजलाय बिचारा."

आनंदाच्या भरात गुंडूला कशाचंच भान राहिलं नव्हतं. त्यानं पिराजीच्या गळ्यात हार घातला, कपाळभर गुलाल फासला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाला, "घालायलाच पायजे की. बाळासोंसारख्या पनवतीला सीझनभर मॅचपासनं लांब ठेवायचं म्हंजे खायचं काम न्हाय."