परीक्षेचा पेशंट

शल्यचिकित्सकाचं पदव्युत्तर शिक्षण कॉलेजच्या परीक्षेशिवाय पूर्ण होत नाही, असं कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेलं आहे. बुलढाण्याच्या परीक्षा केंद्रावर ते फकीर मोहम्मदच्या हर्नियाशिवायही पूर्ण होत नसे. हे कुठे छापलेलं नाही.

परीक्षेला पेशंट लागतात, आणि पेशंटचा आजार ठसठशीत लागतो. फकीर मोहम्मदच्या उजव्या जांघेतली गाठ पुस्तकातल्या चित्रासारखी होती. म्हणून दर परीक्षेला केंद्रावरून त्याच्या गावी, रोहिणखेडला, त्याला फोन जायचा. ऑपरेशनचं काय, असं तो आधी विचारायचा. परीक्षा होऊ द्या, असं उत्तर यायचं. पुढे त्याने विचारणं सोडलं.

आजही तो इस्त्रीचा पायजमा घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून खाटेवर बसला होता. समोर चिन्मय नावाचा पुण्याचा परीक्षार्थी, घामाघूम.

"काय काम करता?"

"फवारनी. पाठीवर पंप घेऊन, पऱ्हाटीवर."

"कपाशी बीटी आहे ना? तिला बोंडअळी लागत नाही, मग फवारणी कशाला?"

"हे पऱ्हाटीले विचारा डॉक्टरसाब. मी तं तिले सांगून सांगून थकलो."

चिन्मयने 'वजन उचलण्याचं काम' असं लिहून घेतलं. "घरी कोण कोण असतं?"

फकीर मोहम्मद सावरून बसला. "पोरगा कलीम, थो सुरतले. नसीमा जळगावले, सासरी. तिची पोरगी फिजा. लय बोलते बेटा ते, पन फोनवर तिचं बोलनं मले काही समजत नाही..."

"म्हणजे घरी कोण?"

"मीच."

चिन्मयने 'एकटे' असं लिहिलं आणि गाठ तपासायला हात पुढे केला. बोटं गाठीला जेमतेम टेकली.

"दाब बेटा, आरामात दाब," फकीर मोहम्मद म्हणाला. "घाई नोको करू."

परीक्षक डॉ. सुहासिनी या केंद्रावर पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "या गाठीत आतडं अडकलं तर?"

"सडेल, मॅडम. पेशंट दगावू शकतो."

"उपाय?"

"ऑपरेशन. लवकरात लवकर."

"बरोबर. मग यांचं का झालं नाही?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. चिन्मयने खाटेशी उभ्या असलेल्या, वॉर्डच्या शालूबाई सिस्टरकडे पाहिलं.

"मॅडम, असा हर्निया आता भेटत नाही," शालूबाई हळूच म्हणाल्या. "लोक गाठ लहान असतानाच काढून घेतात."

डॉ. सुहासिनींनी फकीर मोहम्मदचा केसपेपर मागून घेतला. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन यांचं. मी थांबते. मीच करते."

"घ्या चाचा, नशीब उघडलं तुमचं," शालूबाई म्हणाल्या.

चाचाचा चेहरा तसा दिसत नव्हता. "मंग पुढच्या परीक्षेले?"

"पुढच्या परीक्षेले काऊन येता आता? बरे होऊन राह्यले ना तुमी!"

चिन्मय कागद गोळा करून निघाला होता. फकीर मोहम्मद तो दाराबाहेर जाईपर्यंत बघत राहिला. मग डॉ. सुहासिनींकडे वळला.

"मॅडम, उजवीकडचं काढा तुमी. पन डाव्या अंगालेबी सुरू झालं हाय. थोडं थोडं."

त्यांनी पडदा ओढला, त्याला उभं केलं आणि डाव्या जांघेवर बोटं ठेवली. हर्निया असला, तर खोकल्याबरोबर बोटांना धक्का लागतो.

"खोका."

फकीर मोहम्मद सगळा जीव एकवटून खोकला. डोळ्यांत पाणी आलं. न सांगता पुन्हा खोकला.

डावीकडे काही नव्हतं.