दुपारपाळीची बाई

'चादरींना सुरकुत्या. सकाळच्या बाईंनी डोळे उघडे ठेवून काम करावं.'

नोंदवहीतली ती ओळ तिने उभ्यानेच वाचली आणि वही अशी आपटली की खिळ्यावरच्या किल्ल्या हलल्या. सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. इस्पितळाच्या इस्त्रीघरातलं मशीन अजून तापायचं होतं. ती आधीच तापली होती.

अक्षर नेहमीचंच, मागे कललेलं आणि वेडंवाकडं. कोंबडी शाईत पाय बुडवून वहीवरून गेल्यासारखं.

धुतलेल्या चादरी दुपारी यायच्या. निम्म्या दुपारपाळीने करायच्या, उरलेल्या सकाळपाळीने. पूर्वी सकाळी शंभरेक उरायच्या. चार महिन्यांपूर्वी दुपारची जुनी बाई निवृत्त झाली, नवी आली, आणि ढीग छातीला लागला.

नवीला तिने पाहिलं नव्हतं. हिची पाळी दोनला संपे आणि दोन दहाला कामगारांची बस सुटे. नवी तीनला येई. मधला तास मशीन थंड व्हायला. ओळख होती ती फक्त खुंटीवरच्या निळ्या एप्रनशी. कायम कोरा करकरीत. महाराणी कामाला हात लावेल तर डाग पडेल ना.

"साहेब, तिला एकदा माझ्यासमोर उभी करा," सुपरवायझर फेरीला आले तेव्हा ती म्हणाली. "चादरी ती ठेवते आणि मेमो मला मिळतो."

दोन मेमो मिळाले होते. कामात दिरंगाई. खाली साहेबांची टपोरी, देखणी सही. तिसरा मेमो म्हणजे कायमचं घरी.

"ताई, समोरासमोर कशाला?" साहेब शांतपणे म्हणाले. "मी आहे ना मध्ये. तिलाही झापतोच मी. ती काय म्हणते सांगू? सकाळवाली नुसता चहा ढोसते म्हणते."

"असं म्हणाली?"

"जाऊ द्या. मी बोललो नाही असं समजा."

त्या दिवशी तिने दोनशे चादरी दात खाऊन इस्त्री केल्या. प्रत्येक घडी घालताना महाराणीचा गळा आवळल्यासारखा हात चालत होता. मनगट सुजलं. घरी मुलीने भाजीला नाक मुरडलं, तर तिच्या पाठीत धपाटा बसला.

नवऱ्याने मुलीला जवळ घेतलं. "तू हल्ली एकटी घरी येत नाहीस," तो म्हणाला. "त्या बाईला बरोबर घेऊन येतेस. चार महिने चौथं ताट वाढायचं तेवढं राहिलंय."

"तुला थट्टा सुचते."

"मग रडू? ती तुझी सवत नाही, माझी झालीय. दिवसरात्र तिचंच नाव."

"नावसुद्धा माहीत नाही मला त्या भवानीचं."

त्याच आठवड्यात इस्पितळाने कर्मचाऱ्यांचा ताण मोजायला एक समुपदेशक आणली. चष्म्याची, मऊ आवाजाची पोरगी. तिने फॉर्म पुढे केला. ताणाचं कारण: काम, वरिष्ठ, सहकारी. एकावर खूण करा.

"कामाला मी भीत नाही," ती म्हणाली, "आणि साहेब बिचारे दोघींमध्ये भरडले जातात." तिने 'सहकारी'वर इतकी जोरात खूण केली की कागद फाटला.

"तिला काय बोलावंसं वाटतं ते लिहून काढा," समुपदेशक म्हणाली. "लिहिलं की हलकं वाटतं. आणि कधी समोर बसून बोललात का तिच्याशी?"

"साहेब नको म्हणतात."

"हो? का बरं?"

फाटका फॉर्म तिने पुढे सरकवला. तिने लिहून मात्र काढलं. दोन पानं, पाठपोट. हलकं काही वाटलं नाही.

सोमवारी वहीत नवी ओळ होती. 'सकाळच्या बाईंना झेपत नसेल तर सोडावं. घ्यायला माणसं पुष्कळ आहेत.'

त्या दुपारी तिने दोन दहाची बस सोडली.

पाळी संपल्यावर आत थांबायचं नाही, हा साहेबांचा नियम. म्हणून तिने दिवे घालवले आणि चादरींच्या ट्रॉलीमागे स्टूल घेऊन बसली. दोन पानं मुठीत. पहिलं वाक्य पाठ केलं होतं: मी चहा पिते ना, मग हे मनगट कशाने सुजलं ते सांग. दुसरं वाक्य त्याहून वाईट होतं. तिसऱ्या वाक्याला नोकरी गेली तरी चालेल, असं तिने ठरवून टाकलं.

अडीच वाजता धुतलेल्या चादरी आल्या. ढकलगाडीवाल्याने त्या दारातच ओतल्या आणि शीळ घालत निघून गेला. पावणेतीन. ती उंच असेल की ठेंगणी? आवाज चढवेल की रडेल? रडली तरी सोडायची नाही.

तीनला दोन मिनिटं असताना दार उघडलं. दिवा लागला.

साहेब होते. तिला बरंच वाटलं. होऊन जाऊ दे त्यांच्यादेखत. महाराणी मागून येतच असेल.

साहेबांनी दाराला आतून कडी घातली. भिंतीवरच्या खणातून दुपारपाळीचं हजेरीकार्ड काढलं आणि वेळ छापणाऱ्या घड्याळात सरकवलं. टिंग. तीन वाजले होते. चादरींच्या ढिगाला त्यांनी वळसा घातला, मशीनकडे पाहिलंही नाही. खुर्ची ओढून नोंदवही उघडली आणि तिच्या सकाळच्या नोंदीखाली आपली टपोरी, देखणी सही केली.

मग दुपारपाळीच्या रकान्यापाशी येऊन क्षणभर विचार केला, आणि पेन उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं.