बॅनरवरची पोरगी

ऊसतोड कामगारांच्या लेकरांच्या, आपल्याच गावातल्या वसतिगृहासाठी निधी गोळा करत हर्षल आणि त्याचे तीन मित्र बुलेटवरून नगर जिल्ह्यातल्या कर्जतहून कन्याकुमारीला निघाले होते. बेळगावच्या पुढे उसाच्या एका फडाजवळ ते पाणी प्यायला थांबले. नंबरप्लेटवरचं एमएच सोळा बघून तिथे ऊस तोडणारी मालनबाई हातातला कोयता टाकून पळतच आली.

"नगरची पोरं व्हय रं तुमी?"

मग तिची नजर गाडीला बांधलेल्या बॅनरवर गेली. फोटोत हसणाऱ्या पोरींपैकी एकीच्या तोंडावरची धूळ तिने पदराने पुसली.

"ही माजी धनश्री. लई खोकत हुती. बरी हाय का आता?"



"आम्ही वसतिगृहात गेलो नाही, मावशी," हर्षल म्हणाला.

"येवढं लांब आलात, आन् गावातल्या गावात जाता न्हाई आलं? बरं, फोन तरी लावून द्या. माजा मोबाईल पाटात पडला, नंबर त्याच्यातच गेला."

हर्षलने मोबाईल काढला, मग बाकीच्या तिघांनीही काढला. वसतिगृहाचा नंबर एकाकडेही नव्हता. शेवटी हर्षलने बॅनर वरपासून खालपर्यंत वाचला. तिथे पैसे पाठवायचा क्यूआर कोड तेवढा होता.