चिठ्ठीची घडी

"सॉसेज गरम आहेत, गेर्लिंडेबाई. बिअर माझ्याकडून!" फोल्कमार रीबोने भोजनगृहाचं दार स्वतः उघडून धरलं.

गेर्लिंडे पागेलला किळस आली. तीस वर्षांपूर्वी याच माणसाने तिच्या सासऱ्यांच्या दारात गाडीवरचा कर्णा लावला होता. म्हातारा सही करेपर्यंत तो दिवसभर बोंबलत असे. शेवटी सही झाली, शेत सामुदायिक शेतीत गेलं आणि त्याच हिवाळ्यात म्हातारा खचून गेला.

तेव्हा रीबोच्या कोटावर पक्षाचा बिल्ला होता. बर्लिनची भिंत पडली तसा बिल्ला गायब झाला. आता रेशमी टाय लटकत होता आणि तोंडात 'समाजवाद'ऐवजी 'बाजारपेठ' होती. सामुदायिक शेतीच्या अध्यक्षाची खुर्ची तेवढी त्याने सोडली नव्हती. सगळी शेती एका कंपनीच्या नावावर करायचा त्याचा बेत होता, आणि त्या कंपनीचा मालक कोण होणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

त्याला अडवणारं आजचं मतदान होतं. प्रश्न एकच: जमिनी मूळ मालकांना परत द्यायच्या का? नाही ठरलं, तर कंपनी. गेर्लिंडेने महिनाभर गावाचे उंबरे झिजवले होते. "डोकं चालवायचं नाही, फक्त हो म्हणायचं," असं तिने प्रत्येकाला बजावलं होतं.

कोपऱ्यात मतदानाचा तोच जुना पडदा उभा केला होता. त्याला लागूनच रीबो बशी घेऊन बसला.

"मेल्याने जागासुद्धा बदलली नाही," शेजारचा ओटो विल्के कुजबुजला. "आठवतं ना? नुसती घडी घालून चिठ्ठी सरळ पेटीत टाकली की तो होकार, आपण शहाणे. पेन घेऊन पडद्याआड गेलं की विरोधक! दुसऱ्या दिवशी बोलावणं."

"आज जाऊ दे की कुणाला जायचं ते," गेर्लिंडे म्हणाली. "आपल्याला कुठे नाही म्हणायचंय?"

हॅम्बुर्गहून आलेला नोटरी येन्सन उठला. "सुरुवात करण्यापूर्वी मतदानाची पद्धत जरा समजावून—"

"अहो, चाळीस वर्षं मतदान करतायत ही माणसं," रीबो हसत म्हणाला. "त्यांना काय शिकवता?"

आयुष्यात पहिल्यांदाच गेर्लिंडेला त्याचं म्हणणं पटलं. "बसा हो खाली!" ती ओरडली. "पश्चिमेकडून येऊन आता चिठ्ठी टाकायलाही शिकवणार काय आम्हाला?"

भोजनगृहात टाळ्या पडल्या. येन्सन लाल होऊन खाली बसला.

आधी हिशेबनीस उठला आणि अंग चोरून पडद्याआड गेला. मग कोठारवाला, मग रीबोचा मेव्हणा.

"बघितलंस?" ओटो खिदळला. "आता लपायची पाळी त्यांची!"

रीबोच्या गोतावळ्यातली ती नऊ माणसं सोडली तर पडद्याकडे कुणी फिरकलंच नाही. सगळं गाव ताठ मानेने रीबोच्या नाकासमोरून पेटीकडे गेलं. गेर्लिंडेने आपल्या चिठ्ठीची घडी नखाने नीट दाबली आणि ती पेटीत सोडली. सासऱ्यांची आठवण येऊन तिचे डोळे भरले.

रीबो मात्र मजेत खात होता. ओठाला लागलेली मोहरीची चटणी त्याने जिभेने चाटली. हरायला आलाय तरी घास उतरतोय या निर्लज्जाच्या घशाखाली! गेर्लिंडेने तोंड फिरवलं.

येन्सनने पेटी उघडली. एक चिठ्ठी उलगडली, मग दुसरी. काही चिठ्ठ्या त्याने उलटसुलट करून पाहिल्या. मोजणी संपल्यावर त्याने सगळ्या पुन्हा एकदा मोजल्या.

"सांगा ना!" गेर्लिंडे म्हणाली. "किती जणांनी हो म्हटलं?"

"एकानेही नाही, बाई. 'नाही'पुढे नऊ फुल्या आहेत. बाकी सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या."