मावशीने सांगू नको म्हटलेलं

मुलाकडचे मुलुंडला घरी आले, पोहे झाले, आणि "बोला आता तुम्ही दोघं निवांत" म्हणत मोठ्यांनी निधीला आणि सुयोगला गॅलरीत पिटाळलं. आजाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं मावशी सकाळपासून निधीला बजावत होती. पण मग लग्नानंतर रोज गोळी खायला बाथरूममध्ये जाऊन लपायचं की काय? निधीला ते काही जमण्यासारखं नव्हतं.

"ऐक, माझ्या डोळ्यांदेखत बाबांना ट्रकने उडवलं," ती भराभर सांगत सुटली. "त्यानंतर माझी झोप गेली, कानात माणसं बोलायला लागली. शेजारी जेवणात विष कालवतात असं वाटायचं. त्या धक्क्याने आजार वर आला, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांशी जाऊन बोलतेही. आता कानात कुणी नाही, नोकरी झकास चाललीय. तुला नाही म्हणायचं असेल तर बिनधास्त म्हण."

सुयोगने गॅलरीचं दार नीट लागलंय ना, ते वळून पाहिलं.

"माझ्या आईला पण हेच आहे," तो हळूच म्हणाला. "गोळ्या घेते, बरी असते. तुला बघायची तिला फार हौस होती गं. पण तुम्हाला कळलं तर लग्न फिसकटेल, म्हणून आम्हीच तिला गोरेगावला घरी ठेवून आलो."

निधीने गॅलरीचं दार सरकवलं.

"मावशी, माझ्या चपला कुठेयत? आम्ही गोरेगावला सुयोगच्या आईंना भेटून येतो."