आढळलेले दोष

तंत्रज्ञाने मोबाइल बाईंसमोर धरला. "यादीत तीन वायफाय दिसतायत. पहिलं कॉलेजचं, दुसरं शेजारच्या दुकानाचं. हे तिसरं कुणाचं?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. परीक्षा विभागात त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण असलं काही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते भाऊ बघायचे. भाऊ म्हणजे पलीकडच्या टेबलावरचे कारकून. दीड महिन्यापूर्वी निलंबित झालेले. गणिताचा पेपर परीक्षेआधीच फुटला, आणि तो इथल्याच प्रिंटरवर छापला होता भाऊंनी. एकट्याने, दार लावून.

"या जुन्या प्रिंटरचं आहे," तंत्रज्ञच म्हणाला. तो आला होता नवे दोन प्रिंटर जोडायला. "हा स्वतःचंच एक छोटं वायफाय सोडतो, मोबाइलवरून थेट छापता यावं म्हणून. त्याला पासवर्ड घालायचा असतो. इथे घातलेलाच नाही."

"मग?"

"थांबा, दाखवतो."

तो जिना उतरला. बाई खिडकीत गेल्या. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा राहून तो मोबाइलवर काहीतरी दाबत होता. दोन मिनिटांत वर आला, तेव्हा पडद्यावर बाईंनी सकाळी छापलेली बैठक व्यवस्था होती. जशीच्या तशी.

"छापलेलं सगळं याच्या पोटात राहतं. आत शिरायचा पासवर्डही कारखान्यातून आला तोच. एक, दोन, तीन, चार."

बाई खुर्चीत बसल्या. पुन्हा उठल्या. पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. चौकशीत त्यांनी लिहून दिलं होतं : खोलीत भाऊंखेरीज दुसरं कुणी नव्हतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"कधीपासून असं?"

"बसवला त्या दिवसापासून. दोन वर्षं होतील."

अधीक्षक केबिनच्या दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी आधी बाहेरचं दार लोटून घेतलं.

"पासवर्ड टाका आणि मोकळे व्हा," ते तंत्रज्ञाला म्हणाले. "काम जोडणीचं, तर अहवालही जोडणीचाच. जुनी मढी उकरायची नाहीत."

तंत्रज्ञाने मान हलवली आणि प्रिंटरकडे वळला.

"बंद करण्याआधी लिहून घ्या," बाई म्हणाल्या.

"बाई, चौकशीच्या कागदावर सही तुमची आहे," अधीक्षक हळू आवाजात म्हणाले. "माझी नाही. तोंडघशी कोण पडेल, विचार करा."

"केला, साहेब."

त्यांनी तंत्रज्ञाचं अहवालाचं पुस्तक स्वतःकडे ओढलं. 'आढळलेले दोष' या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे लिहा. कधीपासून उघडं आहे, तेही. आणि रस्त्यावरून काय दिसलं ते."

तंत्रज्ञाने एकदा अधीक्षकांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग पेनाचं टोपण काढलं. चार ओळी झाल्या. बाईंनी खाली साक्षीदार म्हणून सही केली. आडनाव रेघेखाली घसरलं. अधीक्षक केबिनमध्ये गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

बाई मोबाइल घेऊन व्हरांड्यात आल्या. दीड महिन्यात त्यांनी भाऊंना एकदाही फोन केला नव्हता. काय बोलायचं ते त्या मनात जुळवू लागल्या. चौथ्या घंटेला वाटलं, ठेवून द्यावा.

तेवढ्यात भाऊंनी उचलला.

"बोला ताई," ते म्हणाले, नेहमीच्याच आवाजात. "प्रिंटर अडलाय का?"