आठव्या पिढीचा बाप

औषधाचा थेंब नाही, मासळीचा कण नाही. नुसत्या डाळीच्या चुऱ्यावर वाढणाऱ्या माशांच्या सात पिढ्या म्हाताऱ्यानं घडवल्या होत्या. दर पिढीत सगळ्यांत लठ्ठ मासा बाप ठरायचा. आज आठव्या पिढीचा बाप निवडायचा होता. टाकीतला एक पठ्ठ्या भावंडांच्या दुप्पट होता. म्हातारा खूश. "हा हवा खाऊनही फुगेल!" "बाबा, याला चुरा खाताना पाहिलंय कुणी?" लेकीनं विचारलं. म्हाताऱ्याला राहवेना. बादली पालथी घालून तो टाकीपाशी बसला. चुरा पडताच भावंडं तुटून पडली. पठ्ठ्या ढिम्म हलला नाही. मग सावकाश वळून त्यानं एक भाऊ गट्टम केला. "अरेच्चा! शाकाहारी घराण्यात हा राक्षस कुठून?" "आणि याचा बाप, आजा, पणजा कशावर लठ्ठ झाले, बाबा?" म्हाताऱ्यानं चुरा चघळणारा किडकिडीत मासा उचलला. "चल बाळा, तुझं लग्न ठरलं!"